धुराड्याला थंडी वाजू देऊ नका

भाचीने गेल्या वर्षी व्हरमाँटमध्ये घर घेतलं. घर जुनं, दिवाणखान्यात बिडाचा वूडस्टोव्ह आणि बाहेरच्या भिंतीला लागून विटांचं उंच धुराडं. पहिल्याच थंडीत तिचा फोन आला, "मावशी, स्टोव्हच्या दाराची काच रोज सकाळी काळी झालेली असते. पुसली तरी दुसऱ्या दिवशी तेच. आणि घरात डांबरासारखा कसला तरी आंबूस वास येतोय. काय करू?"

मी म्हटलं, "आधी स्टोव्ह पेटवणं थांबव. मग बोलू."

पुढे महिनाभर आम्ही फोनवर तेवढंच बोलत होतो. या राज्यात माझी पंचेचाळीस वर्षं गेली, आणि त्यातला एक हिवाळा सोडला तर प्रत्येक हिवाळा लाकडाच्या उबेवर काढला. तिला तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते इथे लिहून काढते आहे, कारण आपली मुलंमुली आता शहरांतल्या फ्लॅटांतून निघून न्यू इंग्लंडमध्ये, मिशिगनमध्ये, ओंटारिओमध्ये अशी घरं घेऊ लागली आहेत. घर विकणारा स्टोव्ह कौतुकाने दाखवतो. धुराड्याच्या आत काय आहे, ते कुणी दाखवत नाही.

त्या काळ्या काचेचा आणि त्या वासाचा धनी एकच, क्रिओसोट.

लाकूड जळतं म्हणजे काय होतं, ते आधी समजून घ्या. लाकूड तापलं की पहिल्यांदा त्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं. मग लाकडातून वायू आणि डांबरी वाफा सुटतात. आपल्याला दिसतात त्या ज्वाळा याच वायूंच्या. शेवटी उरतो तो निखारा. विस्तव चांगला तापलेला असला आणि त्याला पोटभर हवा मिळाली, तर त्या डांबरी वाफा स्टोव्हच्या पोटातच जळून जातात. विस्तव मंद असला, किंवा त्याची निम्मी ताकद लाकडातलं पाणी आटवण्यातच गेली, तर त्या न जळता धुराबरोबर वर चढतात. वर धुराडं गार असतं. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून जसं पाणी धरतं, तसं धुराड्याला आतून हे डांबर धरतं. धुराड्यातला धूर साधारण १२० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे इथल्या मापाने २५० अंश फॅरनहाइटच्या खाली उतरला की हे साठणं सुरू होतं.

सुरुवातीला ते भुसभुशीत असतं, काजळीसारखं. ब्रश फिरवला की झडतं. दुसऱ्या पायरीला त्याचे काळे, चकचकीत, कुरकुरीत पापुद्रे होतात, आणि मग जोर लावून घासावं लागतं. तिसरं रूप सगळ्यांत वाईट. वितळलेलं डांबर ओतून गार होऊ द्यावं तसा टणक, काचेसारखा लेप आतल्या भिंतीवर बसतो. ब्रश त्याच्यावरून नुसता घसरतो. हा लेप पेट घेतो तेव्हा धुराड्यातली धग ११०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते.

आपल्या चुलीच्या काजळीशी याची गल्लत करू नका. मिरजेजवळच्या आमच्या घरात आईची चूल उघडी होती, धूर कौलांच्या फटींतून जमेल तसा बाहेर पडायचा आणि काजळी वाशांवर, भिंतींवर, तिच्या डोळ्यांत पसरायची. तिच्या त्या डोळ्यांचं दुःख मला आजही आहे. इथे मात्र सगळा धूर सहा-आठ इंचांच्या एका नळीतून जातो, आणि जे साठायचं ते त्या नळीतच साठतं.

आमच्या घरी ते पेटलं होतं, म्हणून मी एवढ्या पोटतिडकीने सांगते आहे.

१९७९ साली तेलाचे भाव कडाडले आणि न्यू इंग्लंडमध्ये घरोघर वूडस्टोव्ह आले. आम्हीही घेतला. त्या काळातले ते हवाबंद स्टोव्ह. हवेची झडप लावून टाकली की एकदा भरलेलं लाकूड रात्रभर धुमसत राहायचं. सगळ्यांना तीच त्याची मोठी सोय वाटे. आम्ही ऑक्टोबरात लाकूड घेतलं. विकणाऱ्याने "वाळलेलं आहे" म्हणून सांगितलं आणि आम्ही विश्वास ठेवला. रोज रात्री स्टोव्ह तोंडापर्यंत भरायचा, झडप लावायची आणि झोपायचं. दोन हिवाळे असेच गेले. तिसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, उणे वीसच्या थंडीत हे गाडीवरचा बर्फ काढायला बाहेर गेले. घर लवकर तापावं म्हणून मी झडप पूर्ण उघडली आणि पुठ्ठ्याची दोन खोकी स्टोव्हमध्ये कोंबली.

पाचेक मिनिटांत पाइप थरथरायला लागला. मग आवाज सुरू झाला. लहानपणी आमच्या घरामागून मालगाडी जायची, तशी धडधड. फरक इतकाच की ही गाडी घराच्या आत होती आणि पुढे जात नव्हती. बाहेरून यांची हाक आली. धुराड्याच्या तोंडातून दोन हात उंच ज्वाळा निघत होत्या. मी मुलांना पांघरुणांसकट उचलून शेजारी नेलं. गावातले स्वयंसेवक बंबवाले आले म्हणून घर वाचलं. दुपारी अंगणात बर्फावर काळ्या, फुगलेल्या, हलक्या पापड्या पडलेल्या दिसल्या, तळताना जळून गेलेल्या कुरडयांसारख्या. ती आमची दोन हिवाळ्यांची साठवण होती. धुराड्याच्या आतल्या मातीच्या फरशांना वरपासून खालपर्यंत तडे गेले होते. तो उरलेला हिवाळा आम्ही विजेच्या हीटरवर काढला, आणि पुढच्या वर्षी धुराड्यात आतून स्टेनलेस स्टीलची नळी घालून घेतली.

त्या दिवशी संध्याकाळी पलीकडच्या शेतावरचे वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांनी आमच्या फाटींतली एक उचलली, हातात तोलली, दोन फाटी एकमेकींवर आपटल्या. आवाज 'ठप्प' आला. त्यांनी मान हलवली. मग स्वतःच्या गाडीतून दोन आणल्या आणि त्या आपटल्या. त्यांचा आवाज खणखणीत आला. ती परीक्षा मी आजही करते, आणि या प्रकरणातलं निम्मं शिक्षण मला त्या दोन आवाजांतून मिळालं.

म्हणून पहिला कानमंत्र धुराड्याचा नाही, सरपणाचा आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. जाळायला हवं ते २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, दोन टोचण्यांचं. ते जरूर घ्या, पण नीट वापरा. फाटीच्या बाहेरच्या अंगाला टोचलं तर ते खोटं सांगेल, कारण बाहेरून लाकूड लवकर वाळतं. फाट पुन्हा मधोमध फोडा आणि नव्याने उघड्या पडलेल्या अंगावर मध्यभागी टोचा. यंत्र नसेल तर डोळ्यांनी पाहा. वाळलेल्या फाटीच्या टोकांना मधून बाहेर जाणाऱ्या चिरा पडतात, रंग करडा होतो, साल सुटायला लागते, हातात ती हलकी लागते. जळताना टोकांतून फेस येत असेल आणि चुरचुर ऐकू येत असेल, तर समजा की तुम्ही पाणी उकळत बसला आहात.

आईने मला व्हरमाँटसाठी काही शिकवलं नव्हतं, पण हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाभळीच्या फाटी आणि तुराट्या मृगाच्या आत पडवीत रचून झाल्या पाहिजेत, हा तिचा दंडक. पावसाने भिजलेलं सरपण चुलीत घालावं लागलं तर फुंकणीने फुंकून फुंकून तिचा जीव जायचा. इथे पावसाळा नाही, हिवाळा आहे, पण बेगमीचं गणित तेच. या हिवाळ्यात जाळायचं लाकूड गेल्या हिवाळ्याच्या शेवटी फोडून रचलेलं असायला हवं. मेपल, बर्च, अ‍ॅश यांना एक उन्हाळा आणि वर थोडं पुरतं. ओकला दोन उन्हाळे द्या, त्याला घाई चालत नाही. ऑक्टोबरात 'वाळलेलं' म्हणून मिळणाऱ्या लाकडावर डोळे मिटून विसंबू नका. ते पुढच्या वर्षासाठी घ्या.

रचताना जमिनीपासून वर, पॅलेटवर रचा. एकच ओळ, उन्हाकडे आणि वाऱ्याकडे तोंड करून. झाकायचं ते फक्त वरून. पुष्कळ जण काळजीपोटी निळी ताडपत्री चारही बाजूंनी गुंडाळतात आणि लाकूड आतल्या आत घामेजून राहतं. बाजू उघड्या हव्यात. फाटी तीन ते सहा इंच जाडीच्या फोडा. जाड ओंडका रात्रभर पुरतो म्हणून लोकांना आवडतो, पण तो आतून वाळत नाही आणि नीट पेटतही नाही.

लाकूड कॉर्डच्या मापाने मिळतं. पूर्ण कॉर्ड म्हणजे चार फूट उंच, चार फूट खोल, आठ फूट लांब, एकूण १२८ घनफूट. 'फेस कॉर्ड' म्हणाले तर ते याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं असतं, तेव्हा भाव ठरवण्याआधी विचारून घ्या. आणि लाकूड जवळपासचंच घ्या. अ‍ॅश पोखरणारा हिरवा भुंगेरा २००२मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि २०१८मध्ये आमच्या व्हरमाँटपर्यंत पोचला. तो स्वतः फार लांब उडत नाही. माणसं गाडीत सरपण भरून त्याला गावोगाव नेतात. आमच्या अंगणातली दोन अ‍ॅशची झाडं गेली आहेत, म्हणून हे मध्येच सांगितलं.

पाइनचं लाकूड जाळू नये, त्याच्या राळेमुळे क्रिओसोट होतं, असं तुम्हाला सगळे सांगतील. मीही वर्षानुवर्षं तेच मानत होते. खरं असं की नीट वाळलेलं पाइन भडकन जळतं, आणि ओल्या ओकपेक्षा ते धुराड्याला कितीतरी बरं. दोष झाडाच्या जातीचा नाही, ओलीचा आहे.

आता पेटवण्याबद्दल. आपल्याकडे चूल खालून पेटवतात. खाली चिपाटं, त्यावर काटक्या, मग फाट. इथे मी उलटं करते. खाली दोन-तीन जाड फाटी, त्यावर पातळ, सगळ्यांत वर काटक्या आणि कागदाचे बोळे, आणि पेटवायचं ते वरून. ज्वाळा वरून खाली उतरत जातात. खालच्या फाटींतून सुटणाऱ्या धुराला वर आधीच ज्वाळा भेटतात आणि तो जळून जातो. शिवाय धुराडं पहिल्या मिनिटापासून तापायला लागतं. बाहेरच्या भिंतीवरचं धुराडं असेल तर सकाळी त्यात गार हवा बुचासारखी बसलेली असते. अशा वेळी आधी एक-दोन कागद पेटवून पाइपच्या तोंडाशी धरा, हवा वर खेचली जाते आहे ना ते पाहा, मगच बाकीचं पेटवा.

पहिली पंधरा-वीस मिनिटं झडप पूर्ण उघडी. पाइपवर चुंबकाने चिकटणारी तापमापी मिळते. एकेरी पत्र्याच्या पाइपवर, स्टोव्हच्या वर साधारण दीड फुटावर ती लावा. तिच्यावर तीन पट्टे असतात. काटा साधारण २५० ते ४७५ फॅरनहाइटच्या मधल्या पट्ट्यात राहिला पाहिजे. खाली गेला तर डांबर साठतं, फार वर गेला तर स्टोव्ह आणि पाइप दोघांनाही ताण पडतो. पाइप दुहेरी पत्र्याचा असेल तर ही तापमापी खोटं सांगते. त्याला आतपर्यंत जाणारी सळईची तापमापी लागते.

आणि मग बाहेर जा. खरंच अंगणात उभं राहा आणि स्वतःच्या धुराड्याकडे पाहा. विस्तव नीट लागला की धूर जवळजवळ दिसेनासा होतो, हवा नुसती थरथरताना दिसते. थंडीत पांढरी वाफ दिसली तर हरकत नाही, ती लगेच विरते. पण निळसर-करडा, जड, खाली अंगणात उतरणारा धूर दिसला, तर तुमचं सरपण धुराड्यात डांबर होऊन बसतंय. मी रोज सकाळी डबे भरून झाले की एकदा दाराबाहेर जाऊन पाहत असे.

रात्रीचा प्रश्न सगळ्यांत अवघड. रात्रभर घर गरम राहावं, पहाटे उठून कुडकुडावं लागू नये, हे वाटणं साहजिक आहे. म्हणून स्टोव्ह भरून झडप गच्च लावण्याचा मोह होतो. क्रिओसोटचा बहुतेक साठा याच तासांत होतो. आईची रात्रीची पद्धत मला फार उशिरा आठवली. जेवणं झाली की ती अर्धवट जळलेली लाकडं चुलीतून ओढून विझवायची आणि निखारे राखेत झाकून ठेवायची. सकाळी राख बाजूला केली की लाल निखारा तयार. रात्री धुमसत काही राहत नसे. स्टोव्हमध्येही तेच करा. झोपण्याच्या दीड-दोन तास आधी शेवटचं भरण, वाळलेल्या फाटींचं. त्याला अर्धा तास जोरात जळू द्या, ज्वाळा खेळत राहतील इतपतच झडप कमी करा, पूर्ण कधीच बंद नको. झोपताना निखारे मागच्या बाजूला ओढून राखेने झाका. पहाटे घर थोडं गार असेल. स्वेटर घाला.

स्टोव्हही बेताचा हवा. मोठा स्टोव्ह लहान घरात ठेवला की उकडतं, म्हणून माणूस तो सारखा मंद चालवतो, आणि मंद चालवला की धुराडं भरतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९८८मध्ये नव्या वूडस्टोव्हच्या धुरावर पहिली मर्यादा घातली. २०२०पासून ती आणखी कडक झाली आहे. १९८८च्या आधीचा जुना स्टोव्ह घराबरोबर मिळाला असेल तर बदलण्याचा विचार करा. नवा कमी लाकडात तेवढीच ऊब देतो. भाचीच्या घरचं दुखणं आणखी एक होतं. स्टोव्हची तोटी सहा इंची आणि धुराडं बारा इंच रुंद. एवढ्या मोठ्या पोकळीत धूर मंदावतो, गार पडतो आणि भिंतीला चिकटतो. तिने आता उबदार आवरणाची सहा इंची स्टीलची नळी आतून घालून घेतली आहे. खर्च झाला, पण काच स्वच्छ राहते आणि तो वास गेला.

धुराड्याची उंचीही बघून घ्या. इथला नियम असा की छपरातून बाहेर पडतं तिथून ते निदान तीन फूट वर हवं, आणि दहा फुटांच्या आतल्या छपराच्या कुठल्याही भागापेक्षा दोन फूट उंच हवं.

स्टोव्हमध्ये काय घालायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, पाहुण्यांनाही. रंगवलेलं किंवा औषध लावलेलं लाकूड, प्लायवुड, प्लॅस्टिक, मासिकांचे गुळगुळीत कागद, पुठ्ठ्याची खोकी, भेटवस्तूंचे चकचकीत कागद. दिवाळीला आणि नाताळला घरात असल्या कागदांचा ढीग होतो आणि कुणीतरी हौसेने तो स्टोव्हमध्ये टाकतं. असा कागद जळत जळतच वर उडतो आणि धुराड्यातल्या लेपाला नेमकी काडी लावतो. आमच्या त्या दोन खोक्यांनी तेच केलं.

आता साफसफाई. वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून तपासणी, ही इथल्या अग्निसुरक्षेच्या नियमावलीतलीच गोष्ट आहे, आणि ती चुकवू नका. रोज स्टोव्ह चालवत असाल तर हिवाळ्याच्या मध्यावर आणखी एकदा स्वतः बघा. गार स्टोव्हचं दार उघडा, विजेरी आणि आरसा घेऊन वर पाहा, आणि पाइपच्या आतल्या अंगावर काडीने खरवडा. थर ३ मिलिमीटरचा, म्हणजे एक अष्टमांश इंचाचा झाला की साफ करायची वेळ आली. त्याच्या दुप्पट झाला असेल तर साफ होईपर्यंत काडीसुद्धा पेटवायची नाही. नळीच्या टोकावरच्या टोपीची जाळी विसरू नका. सगळ्यांत गार जागा तीच, म्हणून ती सगळ्यांत आधी बुजते. स्टोव्ह एकाएकी घरात धूर टाकायला लागला तर पहिल्यांदा तीच पाहावी.

स्वतः ब्रश मारणार असाल तर नळीच्या मापाचा आणि आकाराचाच ब्रश घ्या. मातीच्या फरशांच्या धुराड्याला तारेचा, स्टीलच्या नळीला कठीण प्लॅस्टिकचा. स्टोव्हचं तोंड आणि आजूबाजूचं सामान ओल्या चादरीने झाका. तोंडाला नीट बसणारा मास्क, डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे, आणि काम झालं की लगेच अंघोळ. हा सोपस्कार नाही. लंडनमधल्या धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी एक विशिष्ट कर्करोग होतो आणि त्याला काजळी कारण आहे, हे पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यवैद्याने १७७५मध्ये लिहून ठेवलं. कामामुळे होणाऱ्या कर्करोगाची ती पहिली नोंद मानतात. तरी पोरांना धुराड्यात चढवणं इंग्लंडमध्ये खऱ्या अर्थाने थांबायला १८७५चा कायदा यावा लागला. मधल्या शंभर वर्षांत त्या नळ्यांतून किती लेकरं गेली असतील, हा विचार काजळीचा डबा रिकामा करताना माझ्या मनातून जात नाही. बर्फाळ छपरावर मात्र कुणीही चढू नका. खालून ब्रश घालता येतो, नाहीतर पैसे देऊन माणूस बोलवा.

बटाट्याच्या साली जाळल्या की धुराडं साफ होतं, मीठ टाकलं की साफ होतं, असं जुनी माणसं सांगतात. विस्तव कडक असेल तर थोडी काजळी सुटते, एवढंच. मीठ तर लोखंडाला गंज आणतं. दुकानात मिळणारे औषधी ओंडके आणि पुड्या जुना टणक लेप ठिसूळ करायला मदत करतात, पण ठिसूळ झालेलं काढायला ब्रशच लागतो. आणि मुद्दाम जोराची आग करून धुराडं 'जाळून साफ करणं', हा सल्ला कुणी दिला तर त्याला नमस्कार करा आणि विसरून जा.

कधी धुराडं पेटलंच तर आधी माणसं बाहेर आणि बाहेरून ९११ला फोन. वाटेत हाताशी असेल तरच स्टोव्हचं दार आणि झडप बंद करा. हवा तुटली की आगीचा जोर कमी होतो. स्टोव्हवर पाणी ओतू नका, तापलेलं बीड तडकतं आणि वाफेने माणूस भाजतो. आग आपोआप विझली, घराला काही झालं नाही, तरी आतून कॅमेरा घालून तपासल्याशिवाय पुन्हा काडी लावू नका. पुष्कळदा अशी आग लहान आणि आवाज न करता होते, घरच्यांना कळतही नाही, आणि तडे मागे राहतात. दुसरी आग त्या तड्यांतून भिंतीतल्या लाकडापर्यंत जाते. जुनं घर विकत घेतानाही हीच कॅमेऱ्याची तपासणी मागा. भाचीने ती मागितली नव्हती.

प्रत्येक मजल्यावर धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर हवा. धुराडं बुजलं की हा वायू घरात परततो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं आणि माणसाला वाटतं की पित्त झालं.

राखेचंही सांगते, कारण आपल्याला राख निरुपद्रवी वाटते. आपण तिने भांडी घासली, ती पायरीशी ओतली. पण राखेच्या पोटात निखारा चार-चार दिवस जिवंत राहतो, म्हणूनच आईला सकाळी तो सापडायचा. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढा आणि बादली घराबाहेर, लाकडी ओट्यापासून दूर, दगडावर किंवा मातीवर ठेवा. कागदी पिशवीत कधीच नाही. आठवड्याने ती बागेत टाका; टोमॅटोला चालते, ब्लूबेरीला नाही.

एक शेवटचं. धुराडी साफ करणाऱ्यांकडे ऑक्टोबरात तारीख मिळत नाही, कारण पहिलं दंव पडलं की सगळं गाव एकदम जागं होतं. मे महिन्यात स्टोव्ह विझला की त्याच आठवड्यात फोन करा. साठलेलं क्रिओसोट उन्हाळ्याच्या दमटपणात ओलं होऊन नळीला गंजवतं आणि घरभर वास सोडतं, म्हणूनही तेव्हाच काढलेलं बरं. भाचीने यंदा १२ मेची वेळ घेतली आहे. तुम्ही अजून घेतली नसेल, तर आज घ्या.